सप्टेंबरअखेरीस डेशूट्सवर स्टीलहेडच्या मागे जावे, की ट्राउटवरच हात बसवावा?

हिल्सबरोकर :

नमस्कार. अमेरिकेच्या वायव्य भागातील नद्यांवर फ्लाय फिशिंग (किड्यासारखी दिसणारी, गळावर बांधलेली कृत्रिम माशी दोराने फेकून मासे धरणे) करणारे कोणी सभासद येथे असतील, तर त्यांचे मार्गदर्शन हवे आहे. मी पोर्टलंडजवळ हिल्सबरो येथे राहतो. या वर्षीच्या वसंतात हा छंद लागला. घराजवळच्या मैदानावर दोर फेकण्याचा सराव नियमित चालू आहे आणि आसपासच्या तळ्यांत सरकारी हॅचरीने (मत्स्यबीज केंद्राने) सोडलेले रेनबो ट्राउट अधूनमधून गळाला लागतात. परंतु जोरात वाहणाऱ्या नदीत उतरून मासा धरण्याचा अनुभव मात्र नसल्यातच जमा आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांची रजा मिळाली असून त्या दिवसांत एखादी खरी सहल करावी असा विचार आहे.

पहिला प्रश्न असा, की नवशिक्याने एवढ्या थोड्या दिवसांत स्टीलहेडच्या, म्हणजे समुद्रातून नदीत परतणाऱ्या मोठ्या रेनबोच्या, नादी लागावे की ट्राउटवरच समाधान मानावे? दुसरा प्रश्न नदीचा. ओरेगॉन राज्यातल्या डेशूट्स आणि नॉर्थ अम्पक्वा या नद्यांची नावे सगळीकडे वाचायला मिळतात, त्यांपैकी कोणती निवडावी? माझ्याकडे नऊ फुटी, पाच वजनाचा (म्हणजे पाच क्रमांकाच्या दोरासाठीचा) एकच रॉड आहे. तेवढ्यावर भागेल, की दोन्ही हातांनी चालवायचा लांब स्पे रॉड घ्यावाच लागेल? गाइडचा खर्च पाहून तर छाती दडपते.

आणखी एक अडचण आहे. माझे वडील सध्या आमच्याकडे आले आहेत आणि त्यांना बरोबर न्यायचे आहे. ते वेंगुर्ल्याचे, वय ६८. खाडीत आणि जेटीवर गरवण्यात त्यांची हयात गेली आहे, त्यामुळे धीर आणि हाताची जाण या दोन्ही बाबतींत ते माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहेत. पण डोंगरातून वेगाने येणाऱ्या थंड पाण्यात ते कधी उतरलेले नाहीत, आणि गळाला लागलेला चांगला मासा परत सोडून द्यायचा ही कल्पना त्यांना अजिबात पटलेली नाही. ‘मग जायचेच कशाला?’ असे ते विचारतात आणि मला नीट उत्तर देता येत नाही.

कोलंबियाकाठ :

हिल्सबरोकर, मी हूड रिव्हर गावात राहतो आणि डेशूट्स ही माझी नेहमीची नदी आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आधी निर्णय सांगतो. डेशूट्सलाच जा, दोन्ही माशांची तयारी ठेवा, आणि कोणत्या वेळी कोणत्या माशामागे लागायचे हे घरी बसून न ठरवता त्या दिवशीच्या पाण्यावर सोपवा. या नद्यांवरच्या बहुतेक फसलेल्या सहली मासा ठरवून आखलेल्या असतात. पाणी पाहून आखलेली सहल मासा न मिळताही सहसा फसत नाही.

तुम्हाला ठाऊक असेलच, की स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात आहे. जन्मभर नदीत राहतो तो ट्राउट, आणि समुद्रात जाऊन, तेथे मोठा होऊन अंडी घालण्यासाठी आपल्या नदीकडे परततो तो स्टीलहेड. जात एक असली तरी वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डेशूट्समधला ट्राउट, ज्याला इकडे रेडबँड किंवा रेडसाइड म्हणतात, जवळजवळ रोज आणि पोटासाठी खातो. त्यामुळे पाण्यावर त्या वेळी कोणता किडा उडतो आहे हे ओळखून तशी माशी त्याच्यासमोरून नैसर्गिकपणे वाहू दिली, की तुम्हाला बऱ्यापैकी संधी असते. स्टीलहेड मात्र नदीत शिरल्यावर फारसे खातच नाही. तरीही तो माशीवर का झेपावतो, चिडून की लहानपणीच्या सवयीने, यावर येथली माणसे रात्र-रात्र वाद घालतात. ‘हजार फेकींचा मासा’ हे त्याचे बिरुद थट्टेने पडलेले नाही. चार दिवसांत नवशिक्याच्या गळाला एकही स्टीलहेड न लागणे ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे, हे वडिलांनाही आधीच सांगून ठेवावे.

त्या आठवड्यात दिवसाची विभागणी मात्र सोपी असते. डेशूट्सची दरी खोल असल्यामुळे सकाळी उशिरापर्यंत पाण्यावर ऊन पोचत नाही, आणि तो सावलीचा काळ स्टीलहेडचा. ऊन पसरले, की पाच वजनाचा रॉड काढून कॅडिस जातीच्या माश्या घेऊन ट्राउटकडे वळावे, दुपारी सरळ झाडाखाली झोपावे, आणि सूर्य कड्याआड गेल्यावर पुन्हा स्टीलहेडच्या पाण्यात उतरावे. मे-जूनमध्ये येणारा सॅल्मनफ्लाय या मोठ्या पाणकिड्याचा मोसम तुमच्या हातून गेलेलाच आहे. तो पुढच्या वर्षी पाहा.

आता पाण्याविषयी. ऑगस्टमध्ये कोलंबिया नदीचे पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर तापते. तेव्हा पार आयडाहोकडे निघालेले स्टीलहेडसुद्धा वाटेत डेशूट्ससारख्या थंड उपनद्यांच्या तोंडाशी आसऱ्याला थांबतात. अशा दमलेल्या माशांच्या घोळक्यावर गळ टाकणे म्हणजे धर्मशाळेत शिरून लूटमार करणे होय, आणि म्हणूनच ऐन उन्हाळ्यात मुखाजवळच्या पट्ट्यात मासेमारीला बंदी असते. सप्टेंबर संपता संपता पाणी निवते, मासे पुढे सरकतात आणि मॉपिन गावाच्या आसपास बऱ्यापैकी पसरलेले असतात. आणखी एक स्थानिक भानगड लक्षात ठेवा. माउंट हूडच्या हिमनदीतून निघणारी व्हाइट रिव्हर मॉपिनच्या थोडी खाली डेशूट्सला मिळते. उशिरापर्यंत उकाडा टिकला किंवा शरदाचा पहिला मोठा पाऊस झाला, की ती हिमनदीचा राखाडी गाळ घेऊन येते आणि संगमाच्या खालची सगळी डेशूट्स गढूळ होते. असे झाले, तर मुखाजवळ किंवा मॅक्स कॅन्यनकडे दिवस घालवू नका, मॉपिनच्या वरच्या बाजूला जा. तेथले पाणी स्वच्छ असते.

नॉर्थ अम्पक्वा सुंदर आहे यात शंका नाही. केवळ फ्लाय फिशिंगसाठी राखलेला तिचा तीसेक मैलांचा पट्टा जगभर नावाजलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत लढून आलेले फ्रँक मूर यांनी त्या नदीच्या रक्षणासाठी जन्म वेचला, आणि २०१९ मध्ये तिच्या उपनदीचे एक खोरे जंगली स्टीलहेडसाठी त्यांच्या व त्यांच्या पत्नीच्या नावाने राखले गेले. परंतु तेथे पायाखाली निसरड्या खडकांच्या पायऱ्या आहेत, मध्येच खोल घळी आहेत. त्यातच २०२० च्या वणव्याने काठ होरपळलेला आहे. अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांना घेऊन पहिली सहल तेथे करणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

रॉडबद्दल : डेशूट्सचा काठ आल्डरच्या झाडांनी गच्च भरलेला आहे. डोक्यावरून दोर मागे नेऊन फेकायला गेलात, तर पहिल्या तासात निम्म्या माश्या फांद्यांना लटकतील. म्हणून स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवर रुळलेली ती दोन हातांची पद्धत येथे एवढी चालते. तिच्यात दोर मागे जातच नाही, पाण्यावरच्या पकडीतून पुढे सुटतो. तेरा फुटी, सात वजनाचा रॉड भाड्याने मिळतो, विकत घेऊ नका. तुमचा पाच वजनाचा रॉड ट्राउटसाठी उत्तम आहे, पण स्टीलहेडसाठी वापरू नका. रॉड मोडेल म्हणून नव्हे, तर बारीक रॉडवर मासा उगाच फार वेळ झुंजत राहतो आणि दमून मरतो.

गाइड एकाच दिवसाचा, आणि तो पहिल्या दिवसाचा घ्या. दोघांसाठी पाचशे डॉलरच्या पुढे जाईल आणि वर बक्षिसी द्यावी लागेल, परंतु कोठे उभे राहायचे हे एकदा कळले, की उरलेले तीन दिवस तुम्ही स्वतः काढू शकता. डेशूट्सवर होडीत बसून गळ टाकण्यास मनाई आहे. होडी केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेते. मासे धरायचे तर पाण्यात किंवा काठावर उभे राहूनच. नदीच्या पश्चिमेकडचा मोठा पट्टा वॉर्म स्प्रिंग्ज येथील आदिवासी राष्ट्रांच्या हद्दीत येतो, तेथे त्यांच्या वेगळ्या परवान्याशिवाय पाऊल टाकू नका.

सह्यभटक्या :

मी मासेमारीतला नाही, त्यामुळे विषयात नाक खुपसतो आहे असे वाटल्यास क्षमा असावी. पण मला हिल्सबरोकरांच्या वडिलांचा प्रश्न योग्य वाटतो. कोकणातला माणूस मासा खाण्यासाठी धरतो, यात एक सरळपणा आहे. महाडजवळ वाळण कोंडीतल्या महसीरांना देवाचे मासे मानून कोणी धरतच नाही, उलट त्यांना खाऊ घालतात, त्यातही एक सरळपणा आहे. पण खायचाही नाही आणि त्याच्या वाटेने जाऊही द्यायचा नाही, आधी तोंडात गळ रुतवायचा, दमवायचा, फोटो काढायचा आणि मग दयाबुद्धीने सोडायचा, हा मधला प्रकार मला तरी हौसेसाठी केलेला छळ वाटतो. याचे प्रामाणिक उत्तर कोणाकडे असेल, तर ऐकायला आवडेल.

पाणवठा :

सह्यभटक्या, तुमचा आक्षेप मी गैरलागू म्हणणार नाही. मी वॉशिंग्टन राज्यात मत्स्यसंवर्धनाच्या क्षेत्रात काम करते आणि सुटीच्या दिवशी स्वतः गळ टाकते, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही काठांवर माझा पाय आहे. माशाला त्रास होतो, आणि सोडलेल्यांपैकी काही मासे नंतर मरतात. हे नाकारून फ्लाय फिशिंगचे समर्थन करणारे लोक मला आवडत नाहीत.

तरीही चित्र तुम्ही मांडले आहे त्यापेक्षा जरा वेगळे आहे. येथे दोन प्रकारचे स्टीलहेड एकाच पाण्यातून वर येतात. हॅचरीत वाढवून सोडलेल्या पिलांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा लहानसा मांसल पर सोडण्यापूर्वीच कापलेला असतो. मासा हाताशी आला, की पाठीवरून नजर फिरवायची. तेथे भरलेला, गुळगुळीत व्रण दिसला, तर तो हॅचरीचा, आणि मोसम व नियम परवानगी देत असतील तर तो घरी नेऊन खुशाल खावा. उलट असे मासे जंगली माशांच्या अंडी घालण्याच्या जागी न पोचलेलेच बरे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. तो पर शाबूत असेल, तर मासा जंगली, आणि त्याला सोडणे हा दयेचा नव्हे, कायद्याचा भाग आहे. तेव्हा वेंगुर्ल्याच्या काकांना सांगा, की मासा खायला बंदी नाही, कोणता खायचा यावर बंधन आहे. होडीवरच्या माणसाला विणीच्या हंगामातली बंदी समजते, तशी हीही त्यांना समजेल.

कोलंबियाच्या खोऱ्यातील जंगली स्टीलहेड आज संकटात आहे त्याची मोठी कारणे गळ टाकणाऱ्यांच्या हाती नाहीत. धरणे, जलाशयांत तापणारे पाणी आणि समुद्रातली बदललेली परिस्थिती ही ती कारणे. २०२१ मध्ये नदीत परतणाऱ्या माशांची संख्या इतकी घसरली, की ओरेगॉनने डेशूट्ससह कोलंबियाच्या अनेक उपनद्यांत स्टीलहेडची मासेमारीच थांबवली. त्या वर्षी बहुतेकांनी मुकाट्याने रॉड बाजूला ठेवले. काही नद्यांत मात्र उलट दिशेचे कामही झाले आहे : वॉशिंग्टनमधील एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली आणि शंभर वर्षांनी मासे वरच्या खोऱ्यात पोचले, क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत हटवली गेली. या दोन्ही लढ्यांत पुढे होती ती तेथली आदिवासी राष्ट्रे, आणि त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिलेल्यांत गळवाले बरेच होते. छंदाने लावलेल्या ओढीमुळे माणसे नदीच्या बाजूने उभी राहतात, एवढेच मी म्हणेन. त्याने माशाचा त्रास कमी होत नाही, हेही खरेच.

तो कमी करण्याचे उपाय मात्र तुमच्या हातात असतात. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करा. मग तो तोंडातून सहज निघतो. हात ओले केल्याशिवाय माशाला स्पर्श करू नका, नाही तर अंगावरचा संरक्षक चिकट थर निघून जातो. त्याला पाण्याबाहेर उचलू नका; वॉशिंग्टनमध्ये तर सोडून द्यायचा जंगली स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्णपणे काढणे हाच नियमभंग आहे. शेपटीच्या देठाशी एका हाताने धरून, तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतःहून झटका देऊन निघेपर्यंत थांबा. आणि सर्वांत महत्त्वाचे, खिशात थर्मामीटर ठेवा. पाणी जेवढे गरम तेवढा त्यातला प्राणवायू कमी आणि तेवढीच झुंजीनंतर मासा दगावण्याची शक्यता जास्त. तापमान ६८ अंश फॅरनहाइटला, म्हणजे २० सेल्सिअसला टेकले, की गळ गुंडाळून परत फिरा. मी स्वतः त्याच्या दोन अंश अलीकडेच थांबते.

ग्रेटलेक्सवाला :

मिशिगनमधून लिहीत आहे. पश्चिमेकडच्या मंडळींना आमचा स्टीलहेड हा समुद्र न पाहिलेला, त्यामुळे दुय्यम वाटतो. त्यांनी खुशाल तसे वाटून घ्यावे. कॅलिफोर्नियातले रेनबो १८७६ मध्ये आमच्या ऑ सेबल नदीत सोडले गेले. पुढे या जातीने मोठ्या सरोवरांनाच समुद्र मानले आणि तेथे वाढून नद्यांत परत येण्याचा क्रम सुरू केला. ब्राउन ट्राउटही आमच्याकडे पाहुणाच आहे. जर्मनीहून आणलेल्या अंड्यांतली पिले १८८४ मध्ये पेरे मार्केट नदीच्या खोऱ्यात सोडली, ती अमेरिकेतली पहिली. नद्यांच्या रक्षणासाठी झटणारी ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्थाही १९५९ मध्ये ऑ सेबलच्याच काठावर स्थापन झाली.

हिल्सबरोकरांना एवढेच सुचवतो, की चार दिवस रिकाम्या हाताने परतण्याची मनाची तयारी नसेल, तर एखाद्या वर्षी नोव्हेंबरात इकडे या. वाळूतून झिरपणाऱ्या भूजलामुळे आमच्या नद्या फारशा चढत-उतरत नाहीत, पात्र लहान, तळ बहुतांशी वाळू-खडीचा, आणि सॅल्मनची अंडी खायला मागे लागलेला स्टीलहेड अंड्यासारख्या दिसणाऱ्या माशीला बऱ्यापैकी भुलतो. काठावर बर्फ असतो, रॉडच्या कड्यांत पाणी गोठते आणि दर थोड्या वेळाने ते बोटांनी फोडावे लागते, एवढा त्रास गृहीत धरा. डेशूट्सची ती दरी आमच्याकडे नाही, हे मात्र कबूल.

पुणे_ते_बंजार :

वडिलांचा भारतात परत गेल्यावरही उत्साह टिकला, तर हिमाचलातले तीर्थन खोरे लक्षात ठेवा. इंग्रजांनी आणलेले ब्राउन ट्राउट तेथे शंभराहून अधिक वर्षे नांदत आहेत. हिवाळ्यात, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर, विणीसाठी बंदी असते. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ आणि अवखळ असते. त्यामुळे मार्च ते जून किंवा पावसानंतरचा काळ योग्य. परवाना मत्स्यविभागाकडून मिळतो. स्टीलहेड तेथे नाही, पण बंजारच्या वर गुशैणीच्या आसपास पाण्यात उतरले, की पाय तितकेच बधिर होतात.

हिल्सबरोकर :

सर्वांचे मनापासून आभार. पाणवठा यांनी लिहिलेला मजकूर मी वडिलांना वाचून दाखवला. कापलेल्या पराची युक्ती त्यांना फार आवडली, आणि ‘विणीच्या दिवसांत आम्हीही होड्या वर ओढतोच की’ असे म्हणून त्यांनी सोडून देण्याच्या प्रश्नावर तूर्त तह केला आहे. डेशूट्स नक्की केली. मुक्काम मॉपिनला, पहिल्या दिवशी गाइड, रॉड भाड्याने.

आता दोनच शंका. वडिलांना पाण्यात उतरवणे कितपत सुरक्षित आहे? नसल्यास त्यांचे चार दिवस कंटाळवाणे होऊ नयेत यासाठी काय करावे? आणि स्टीलहेडसाठी माशी नेमकी कशी चालवायची, हे कोणी शब्दांत समजावून सांगू शकेल का? चित्रफिती पाहून गोंधळ वाढतो आहे.

कोलंबियाकाठ :

दुसरे आधी घेतो, कारण ते ऐकायला अवघड आणि करायला सोपे आहे. ओघाच्या वरच्या टोकाला, पाणी चालण्याच्या वेगाने वाहते आहे आणि तळाशी डोक्याएवढे दगड आहेत अशा जागी उभे राहा. नुसता वेगही नको, नुसता डोहही नको. सुरुवातीला दोर आखूडच ठेवा, कारण मासा पुष्कळदा तुमच्या पायांपासून फार दूर नसतो. माशी समोर आडवी न फेकता प्रवाहाच्या दिशेने तिरकी टाका. पाण्यावर पडताच रॉडच्या टोकाने दोराचा पोटातला बाक प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून ठेवा, म्हणजे मधला जोरकस प्रवाह माशीला भलत्या वेगाने ओढणार नाही. मग रॉडचे टोक खाली ठेवून माशीच्या मागोमाग हळूहळू काठाकडे वळवा. माशी अर्धवर्तुळ कापत तुमच्या सरळ खाली येऊन थांबली, की काही क्षण तशीच लोंबू द्या, कारण पाठलाग करीत आलेला मासा तेथेच निर्णय घेतो. काही लागले नाही, तर दोन पावले खाली सरका आणि पुन्हा फेका. अशी सगळी ओघवाट पायाखाली घालायची. ग्रीन बट स्कंकसारखी काळी-हिरवी माशी, साधा तरंगता दोर आणि पहाटेची सावली एवढ्यावर या आठवड्यात काम भागते. वारा दुपारनंतर दरीतून वर येतो, तेव्हा दोर नेहमी वाऱ्याकडच्या खांद्यावरून न काढता उलट्या खांद्यावरून काढा. चष्मा आणि टोपी तर कधीच उतरवू नका.

मासा लागतो तो क्षण नवशिक्याच्या हातून निसटतो तो घाईमुळे. पहिल्या ओढीला रॉड वर झटकला, की माशी माशाच्या तोंडातून बाहेर येते. रिळापाशी दोराची एक सैल वेटोळी बोटाखाली ठेवा. ओढ आली, की ती जाऊ द्या, मासा वळून रीळ गुणगुणू लागेपर्यंत काहीही करू नका, आणि मगच रॉड काठाच्या बाजूला आडवा उचला. येथे तुमच्या वडिलांचा हात तुमच्यापेक्षा उपयोगी पडेल. खाडीत मासा आमिष गिळून फिरेपर्यंत थांबायची ज्याला सवय आहे, त्याला हे शिकवावे लागत नाही.

आता त्यांच्या पाण्यात उतरण्याविषयी. डेशूट्सचे तळदगड शेवाळलेले बेसाल्टचे आहेत, आणि ओघ बाहेरून दिसतो त्यापेक्षा नेहमी अंगावर अधिक येतो. तळव्याला खिळे असलेले बूट, हातात काठी आणि वेडर्सवर (छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीवर) कमरेला आवळलेला पट्टा, या तीन गोष्टींशिवाय तुम्हीही उतरू नका. पट्टा नसला, तर पडल्यावर वेडर्समध्ये पाणी भरते आणि उठणे कठीण होते. वडिलांनी गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये, तुम्ही त्यांच्या प्रवाहाकडच्या अंगाला उभे राहावे, आणि एखाद्याचा पाय निसटलाच, तर पाठीवर होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवून काठाकडे सरकत जावे, हे घरीच एकदा बोलून ठेवा. रॉड वाचवायला जाऊ नका, तो भाड्याचा असला तरी. मॉपिनच्या खाली नदीच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्यावर अशा कित्येक जागा आहेत, जेथे खडीच्या काठावर कोरडे उभे राहूनही ट्राउटपर्यंत माशी पोचते. काठाला लागून असलेल्या संथ पाण्यातच ट्राउट असतात, त्यामुळे काकांचे काही बिघडत नाही. गवतात रॅटलस्नेक असतात. तेव्हा काकांना सांगावे, की बसण्यापूर्वी दगडावर काठी आपटायची.

कंटाळ्याची चिंता करू नका. जाताना माउंट हूडवरून न जाता कोलंबियाच्या काठाकाठाने जा. पोर्टलंडपासून चाळीसेक मैलांवर बॉनव्हिल धरण लागते. १९३८ मध्ये ते झाले तेव्हापासून तेथे माशांसाठी पायऱ्या आहेत, आणि पाण्याखालच्या खिडकीतून वर चढणारे सॅल्मन आणि स्टीलहेड हातभर अंतरावरून दिसतात; आत बसलेला माणूस प्रत्येक मासा मोजत असतो. थोडे पुढे कॅस्केड लॉक्स गावात आदिवासी मच्छीमार आपला ताजा मासा विकतात. १८५५ च्या करारांत राखून ठेवलेल्या हक्काने ते मासेमारी करतात. एक मासा तेथून घ्या, म्हणजे मुक्कामावर काकांच्या हातचा तिखट रस्सा तुमच्या नशिबावर अवलंबून राहणार नाही. मॉपिनपासून थोड्या अंतरावर शेरार्स फॉल्सला नक्की घेऊन जा. धबधब्यावर झुकलेल्या लाकडी मचाणांवर कमरेला दोर बांधून उभे राहिलेले वॉर्म स्प्रिंग्जचे लोक लांब दांड्याच्या जाळ्यांनी मासे काढताना दिसले, तर काका तेथून लवकर हलणार नाहीत. दुरून पाहावे आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत, एवढे पथ्य पाळा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी पाहून घ्या. एक, राज्याच्या मत्स्यविभागाच्या संकेतस्थळावर डेशूट्ससाठी काही तातडीची बंदी जाहीर झाली आहे का, कारण कोलंबियातून वर येणाऱ्या माशांची मोजणी पाहून स्टीलहेडचा मोसम मध्येच बंद होतो. स्टीलहेडसाठी साध्या परवान्याशिवाय वेगळा टॅग आणि कोलंबिया खोऱ्याची जोडपरवानगी लागते, ती दोघांच्याही नावावर असू द्या. दोन, डेशूट्सच्या मुखाजवळच्या मूडी येथील जलमापकाचा आलेख. पाण्याची पातळी आणि तापमान तेथे रोज कळते. स्टीलहेड बंद झाला असेल, तर सहल रद्द करू नका; ट्राउटवर चार दिवस मजेत जातील, आणि गाइडला आधी कळवलेत, तर तो त्याप्रमाणे जागा बदलतो.